मुक्या शिड्या

१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, राग मानू नकोस. इकडे आईचा गुडघा बोलतोय, पण आईपेक्षा कमी, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुमच्या वाचनालयाच्या शिड्यांचं काम निम्म्याच्या पुढे गेलं. तू तिथे नोकरीला आहेस आणि शब्द टाकलास म्हणून हे काम मिळालं, नाहीतर ॲल्युमिनियम आल्यापासून लाकडी शिडी लोक कुंड्या ठेवायला नेतात. कारखान्यात पुन्हा रंधा चालतोय, भुसा उडतोय, आणि मला त्याने शिंका येतात याचासुद्धा आनंद वाटतो.

तुमच्या मुख्य बाईंची पहिल्यापासून एकच अट होती, की शिडी वाजता कामा नये. कोणी वर चढलं तर वाचणाऱ्यांची मान वर होऊ नये. मी बरंच डोकं लढवलं. आपल्या शिडीत पायरीचं टोक दांड्याच्या खाचेत घालून वरून पाचर मारतात, आणि जरा जुनी झाली की ती पाचरच कुरकुरते. म्हणून मी पाचर काढून टाकली आणि खाचेत मेण भरलं. आता शिडीवर हत्ती चढला तरी वाचणाऱ्याला पत्ता लागणार नाही.

पण आपल्या धाकट्या टाचणीने सगळ्यावर पाणी फिरवलं. बाबा गेल्यापासून शिड्या तपासायचं काम तिच्याकडे आहे. बाबांची रीत तुला आठवत असेल: ज्याने केली त्याने खाली उभं राहून धरायची, तपासणाऱ्याने शेवटच्या पायरीवर जाऊन उड्या मारायच्या, मग तापलेला शिक्का. या वेळी मी ते बंद केलं. वेळ जातो, आणि पाहुण्यांसमोर उड्या मारणं बरं दिसत नाही. बुधवारी बाई शिड्या बघायला आल्या. त्यांनी शिष्टाचार म्हणून टाचणीला विचारलं, की कशा झाल्या आहेत. तर आपल्या टाचणीबाईंनी सरळ सांगितलं, की मी यांच्यावर चढणार नाही आणि तुम्हीही चढू नका. बाईंच्या हातातला कप हातात राहिला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ताई, ती पहिल्यापासून फटकळ आहे हे तुला मी सांगायला नको. पण घरात टोचणं वेगळं आणि गिऱ्हाइकाला टोचणं वेगळं. तिने बाईंना दोन ओळी लिहाव्यात, की त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. एवढंच. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. भाऊजींना नमस्कार.

तुझ्या मायेवर भार टाकून मोकळा झालेला,
दादा

चि. ताई, वर दादाने काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही, पण ते खरं नाही. टाचणी समोरच्या गल्लीत मैत्रिणीकडे राहायला गेली आहे. माझ्याकडे जेवायला येते. दादा पानावर बसला की ही भिंतीशी बोलते. भिंत तरी किती ऐकणार? — आई


८ ऑगस्ट

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझ्यावर रागवायचं ठरवून बसले होते, पण कागद पुढे घेतल्यावर तुझी दोन वेण्यांची, हाताची घडी घातलेली मूर्तीच डोळ्यांपुढे आली आणि राग कुठे ठेवला ते आठवेना.

मी बरी आहे. दिवसभर वाचनालयात कुजबुजायची इतकी सवय झाली आहे, की घरीही कुजबुजते आणि तुझे भाऊजी न ऐकताच हो म्हणतात. संसार त्यावरच चालला आहे म्हण ना.

बुधवारचं सगळं कळलं. मुख्य बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावून विचारलं, की तुमची बहीण नेहमीच अशी बोलते का. मी म्हटलं, लहान आहे. तू सदतीस वर्षांची आहेस हे सांगितलं नाही. बाई वाईट नाहीत ग, पण त्यांना कोणी तोंडावर असं बोलत नाही. हे काम हातचं गेलं तर दादा पुन्हा रिकाम्या कारखान्यात कुलूप पुसत बसेल. तुला ते बघवेल का?

तू चूक आहेस असं मी म्हणत नाही. तीच गोष्ट हळू सांगता आली असती, बाजूला घेऊन, थोडी साखरेत घोळून. मी जन्मभर तेच करत आले आणि माझं काही अडलं नाही. बाईंना दोन ओळी लिहिशील? डोकं ठिकाणावर नव्हतं असं नको, प्रकृती बरी नव्हती असं लिही.

जेवणावर राग काढू नकोस, आणि माझ्यावर काढलास तरी पत्र पाठव.
तुझी ताई


१३ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. आहे, पण वि. वि. नाही, कारण विनंती करायच्या मनःस्थितीत मी नाही.

माझी प्रकृती ठणठणीत होती. डोकंही जागेवर होतं, मानेच्या वर, नेहमीसारखं. दादाने तुला शिडीबद्दल काय लिहिलं ते आईने त्याच्याकडून काढून मला सांगितलं. काय लिहिलं नाही ते मी सांगते. बाई यायच्या आधी मी एक शिडी भिंतीला टेकवली आणि मधली पायरी नुसती हाताने धरून फिरवली. नळाची चावी फिरावी तशी ती फिरली, आणि हूं नाही की चूं नाही. मेणावर सरस चिकटत नाही, ताई. ती पायरी खाचेत बसलेली नाही, पाहुण्यासारखी टेकलेली आहे. मी दादाला त्याच क्षणी बाजूला घेतलं होतं. हळू सांगितलं होतं. तुझी साखरसुद्धा घातली होती. तो म्हणाला, की तुझ्या उड्या बंद केल्या म्हणून तुला पोटदुखी आहे. मग बाईंनी विचारलं आणि मी सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं.

तुला आठवतं, बाबा नवी शिडी घेणाऱ्याला काय सांगायचे? लाकूड मोडायच्या आधी बोलतं. कुरकुरलं की समजायचं, अजून वेळ आहे, खाली उतरा. जी शिडी बोलत नाही तिच्यापासून लांब राहा. तेव्हा मला वाटायचं, बाबा शिडीची खोड झाकतायत. आता कळतं. दादाने आपल्या शिड्यांची जीभ कापली आणि तिला शांतता म्हणतोय.

आता त्या शब्दाचं. मी फटकळ. गल्लीत, कारखान्यात, आईच्या भिशीतल्या बायकांतही मी फटकळ. आणि बाबा कोण होते? परखड. बाबांनी एका रंगाऱ्याला भर दुकानात सांगितलं होतं, की तुझं डोकं आणि तू आणलेली फळी दोन्ही आतून पोकळ आहेत. तो रंगारी हसत हसत नवी शिडी घेऊन गेला आणि पुढे सगळीकडे सांगत सुटला, की माणूस असावा तर असा परखड. मी कोणाच्या डोक्याला हात लावला नाही. माझ्या पायांबद्दल बोलले, की ते वर जाणार नाहीत. तरी मी फटकळ. मी बराच विचार केला, ताई. मला फरक फक्त मिशांचा दिसतो.

तू म्हणतेस, तुझं काही अडलं नाही. भीड भिकेची बहीण, हे वाक्य आपल्या शाळेच्या फळ्यावर होतं, आणि सुंदर अक्षरात ते तूच लिहायचीस.

मी बाईंना ओळी लिहिणार नाही. शिक्का मी मैत्रिणीकडे घेऊन आले आहे. त्या शिड्यांवर तो उठणार नाही.

तुझ्या लोभाची मला खात्री आहे, म्हणून मागत नाही.
टाचणी


२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू फार जपून विचारलंस, की बाबा परखड आणि टाचणी फटकळ असं का. हा प्रश्न तुझा नाही, त्याला तिचा वास येतो, पण उत्तर देतो. परखड माणूस आधी पारखतो, मग बोलतो. फटकळ माणसाचं आधी बोलून होतं, मग इतरांनी निस्तरायचं. बाबांच्या एका वाक्यामागे सगळ्या जन्माचं सुतारकाम होतं.

पायरी फिरते हे मला मान्य आहे. पण निघत नाही. मी स्वतः दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मी काय तुम्हा लोकांना पाडायला शिड्या करतो का? तुमच्या त्या उंच कपाटांना रोज तूच शिडी लावणार हे मला ठाऊक नाही का? एका बहिणीला माझ्या हाताची खात्री नाही, निदान दुसरीने तरी अविश्वास दाखवू नये.

शिक्का तिने पळवला आहे. ठीक आहे. शिड्या बिनशिक्क्याच्या येतील. सोमवारी टेम्पोबरोबर मी स्वतः येतो. बाईंचं मन थोडं साशंक आहे, म्हणून माझ्या डोक्यात एक आलं. बाईंसमोर पहिली तू चढ. घरचं माणूस चढलं की बाहेरच्याला धीर येतो. तुला काही बोलायचं नाही, नुसतं हसत वर जायचं आणि एखादं पुस्तक काढून खाली यायचं. तू ते छान करशील. तुझ्याकडे बघून कोणालाही बरं वाटतं.

तुझ्या भरवशावर,
दादा

चि. ताई, तुझे बाबा परखड होते असं दादा मला वाचून दाखवत होता. होते ना. दुकानात होते. गिऱ्हाईक आलं की आधी आत स्वयंपाकघरात यायचे आणि हळूच विचारायचे, काय सांगू ग त्याला? मी पोळ्या लाटता लाटता सांगायचे. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, आई, तुझं आपलं काहीतरीच. गुडघा बरा आहे. — आई


२३ ऑगस्ट

ताई,

नमस्कार वगैरे गृहीत धर. सोमवारी तुला पहिली चढवणार असं आईकडून कळलं. चढू नकोस.

नाही, असं नको. तुला सगळ्यांनी आजवर हेच सांगितलं, हे कर, ते करू नकोस. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. मधली पायरी हातात धर आणि फिरव. तुझ्या हाताला जे कळेल ते खरं. मग तू चढलीस तरी मी तुला काही म्हणणार नाही. म्हणणार नाही हे खोटं आहे, पण पत्र तरी लिहीन.

पण गोड बोलायचं असेल तर वर जायच्या आधी बोल, ताई. पडल्यावर सगळेच गोड बोलतात.

टाचणी


२८ ऑगस्ट

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस. फळ्यावरचं नाही हे.

सोमवारी दुपारी दादा आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, अगदी मुलगी बघायला आल्यासारखा. वाचनालयाचा मोठा हॉल भरलेला होता. रोजचे पेन्शनर वर्तमानपत्रं धरून, खिडकीशी परीक्षेची मुलं, एक पंखा आणि त्याची घरघर. शिड्या कपाटांना लावून झाल्या. दिसायला सुंदर आहेत ग, कडा कशा रेशमासारख्या घासल्या आहेत त्याने. बाई हात मागे बांधून उभ्या राहिल्या. दादाने मला डोळ्यांनी खुणावलं.

मी मधली पायरी हातात धरली आणि फिरवली. फिरली.

त्या क्षणी मला काय वाटलं हे तुला नीट सांगता येणार नाही. भीती नव्हती. इतकी वर्षं मी माणसांना हळू आवाजात हो म्हणत आले, आणि माझ्यात कुठेही काही कुरकुरलेलं कोणाला ऐकू आलं नाही. कुरकुरत नव्हतं असं नाही. मेण भरलेलं होतं. मला एकदम त्या शिडीची शरम वाटली, माझीच वाटावी तशी.

मी दादाला म्हटलं, की बाबांची रीत आहे, ज्याने केली त्याने धरायची. तो हसला, पुढे आला, दोन्ही दांडे धरून उभा राहिला. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग वरच्या, मग आणखी वरच्या. पायाखाली पायरी जरा सरकली. आवाज शून्य. खाली पाहिलं तर दादाची बोटं दिसली, दांड्यावर आवळून पांढरी पडलेली. तेव्हा मी म्हटलं, की आता मी शेवटच्या पायरीवर जाते आणि टाचणी मारते तशा उड्या मारते. आणि हे मी कुजबुजून म्हटलं नाही, ग. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. हॉलमधली प्रत्येक मान वर झाली.

दादा म्हणाला, नको. बाई म्हणाल्या, की हळू बोला. दादा पुन्हा म्हणाला, की ताई, उतर. मी म्हटलं, कारण सांग, मग उतरते. तो म्हणाला, की आधी उतर, मग सांगतो. मी म्हटलं, नाही, मी वर असताना सांग, सगळ्यांसमोर सांग, नाहीतर मी चालले वर. आणि मी खरंच एक पाय उचलला. मी, टाचणी! जी सिग्नल हिरवा असतानाही रस्ता ओलांडायला घाबरते ती.

तेव्हा त्याने सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, की मी या पायऱ्या ओढून पाहिल्या, पण स्वतः एकदाही चढलो नाही, आणि तू वर आहेस आणि मला हात सोडवत नाहीत. मग मी उतरले. खाली आल्यावर त्याने माझं मनगट धरलं, लहानपणी मेळ्याच्या गर्दीत धरायचा तसं, आणि बराच वेळ सोडलं नाही. त्याच्यावर राग धरू नकोस. भर हॉलमध्ये त्याने ते उच्चारलं, त्याला छाती लागते.

बाई खूप चिडल्या. दादावर कमी, माझ्यावर जास्त. भिंतीवरची शांतता राखा ही पाटी मला बोट करून दाखवली. मला वाटलं, आता मी नेहमीसारखी माफी मागणार. तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. मी म्हटलं, की आम्हाला वाजणाऱ्या शिड्या हव्या आहेत. रोज चढणारे आम्ही आहोत. शिडी कुरकुरली आणि वाचणाऱ्याने मान वर केली, तर निदान वर कोणीतरी माणूस आहे एवढं त्याला दिसेल. बाई म्हणाल्या, की फटकळपणा तुमच्या घराण्यातच दिसतो. मी म्हटलं, हो, आईकडून आलाय.

पुढे काय होईल माहीत नाही. काम राहील की जाईल, माझी नोकरी राहील की मला तळघरातल्या जुन्या अंकांत पाठवतील, काही सांगता येत नाही. शिड्या टेम्पोतून परत गेल्या. घरी आल्यावर मी हे सगळं तुझ्या भाऊजींना मोठ्याने सांगितलं. ते पहिल्यांदाच नाही म्हणाले. आम्ही बऱ्याच वर्षांनी भांडलो. छान वाटलं.

तुझ्याकडून शाबासकी नको, पण आलीच तर परत पाठवणार नाही.
तुझी ताई


६ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

एका गल्लीच्या अंतरावर पत्र पाठवतोय याचं पोस्टमनला हसू आलं. येऊ दे. समोर आलो तर तू भिंतीशी बोलशील.

सगळ्या शिड्या उकलल्या. खाचा खरवडून मेण काढलं, टोकं नवी केली, सरस लावला, पाचरा मारल्या. काल एकीवर मी स्वतः चढून पाहिलं. धरायला कोणी नव्हतं, म्हणून अर्ध्यावरून उतरलो. कुरकुरली. पूर्वी मला तो आवाज दोष वाटायचा.

ताईच्या त्या मुख्य बाईंचं पत्र आलं. काम काढून घेतलेलं नाही. शिड्या वाजल्या तर चालतील असं त्यांनी एका ओळीत, जड हाताने लिहिलं आहे. अट अशी, की प्रत्येकीवर शिक्का हवा आणि जिने चढायला नकार दिला तिनेच चढून दाखवायचं. ताईला तळघरात पाठवलेलं नाही, पण हॉलच्या टोकाला बसवलं आहे. तिथूनही तिचा आवाज येतो म्हणे.

टाचणे, तुला मी फटकळ म्हटलं, पत्रातही लिहिलं. ते मागे घेतो. तू बाबांसारखी परखड आहेस. हे मी चार माणसांत सांगायला तयार आहे. शिक्का घेऊन ये आणि कामाला लाग. आई रोज तुझं पान माझ्या समोर मांडते आणि मग दोघांकडे आळीपाळीने बघते, तेवढं तरी थांबेल.

वाट बघणारा,
दादा

चि. टाचणी, या वेळी याने वर लिहिलेलं मी वाचलं. ठीक आहे. — आई


८ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न., आणि या वेळी वि. वि. सुद्धा, कारण एक विनंती आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना रडले, हे मैत्रिणीने आईला सांगितलं असेलच, म्हणून मीच कबूल करते. मेण काढताना तुझी बोटं सोलली असतील. हातांना तेल लाव.

पण परखड हा शब्द मला नको. बाबांचा कोट कपाटातून काढून माझ्या खांद्यावर टाकल्यासारखं झालं. ऊब आहे, पण तो मापाचा नाही. आणि आईने ताईला काय लिहिलं ते ताईने मला कळवलं आहे. तो कोट बाबांचा तरी किती होता, ते एकदा आईच्या पोळपाटापाशी बसून विचार.

खरं कारण वेगळंच आहे. ताईच्या पायाखाली पायरी सरकली, म्हणून तू मला परखड म्हणतोस. ती सरकली नसती तर? ताई हसत वर गेली असती, पुस्तक घेऊन खाली आली असती, आणि मी जन्मभर फटकळ राहिले असते. बोलणं तेच, पायही तेच, चढायला नकार दिलेले. म्हणजे हा शब्द माझ्या बोलण्याला नाही, निकालाला दिलेला आहे. निकाल लागल्यावर मिळणाऱ्या शब्दाचं मी काय करू? मला बोलावं लागतं ते निकालाच्या आधी, सगळ्यांच्या हातात कप असतात तेव्हा. तेव्हा मी चूकही असू शकते. पुढच्या एखाद्या शिडीबद्दल मी चुकेनही. तरी बोलणार आहे.

म्हणून मला फटकळच म्हण. गल्लीत म्हण, चार माणसांत म्हण, मी ओ देईन. माझी विनंती एवढीच, की माझं बोलून पुरं होईपर्यंत शिक्का तापवायचा नाही. ऐकून घे, मग वाटलं तर भांड. ताई सांगते, की भांडल्यावर छान वाटतं.

उद्या सकाळी येते, शिक्का घेऊन. शिड्या अंगणात काढून ठेव. आईला म्हणावं, खिडकी उघडी ठेव आणि कान दे.

आणि खाली नीट उभा राहा, दादा. दोन्ही हातांनी धर. मी आईच्या पोळ्या खाऊन जड झाले आहे, आणि उड्या मारणार आहे.

लोभ आहेच. कुरकुरेल, पण तुटणार नाही.

तुझी धाकटी, फटकळ,
टाचणी